डोंगाबाईनं डोहावर घेतलेला कबुलीजबाब

डोंगाबाईचा आवाज वैनगंगेच्या या काठावरून सुटला की पलीकडच्या काठावरची गुरं माना वर करत. ती माझी आत्या. आमच्या मासेमार ढिवरांच्या मोहल्ल्यात लाकडी डोंगा वल्हवणारी एकटी बाई, म्हणून सगळे तिला डोंगाबाईच म्हणत.

तेव्हा आरमोरीच्या बाजारात आमच्या मरळीची वाट पाहत लोक थांबत. पण पावसाच्या तोंडी, मासोळी अंड्यावर आली की मोठ्या डोहात जाळं टाकायचं नाही, हा मोहल्ल्याचा नेम. कुणी मोडला तर डोंगाबाई त्याच्या दारात जाऊन ओरडे, "पोटुशीले मारतेस काय रे?" त्या माणसाशी ती वर्षभर बोलत नसे. मला तिचा हा खुनशीपणा फार आवडे.

मग डोहातल्या मासेमारीचा ठेका मोहल्ल्याबाहेरच्या एका माणसानं घेतला. मुदत संपायच्या आत सगळी मासोळी उपसायची म्हणून त्यानं डोहात धानावर फवारायचं औषध ओतलं. सकाळी पिल्लांसकट सगळं पांढरं होऊन वर आलं. ठेकेदार म्हणाला, मी नाही. पुरावा कुणाकडे होता?

त्याच आठवड्यात त्याची आई वारली. आमच्याकडे राख नदीच्या मध्यात सोडतात, डोंगा नेणारा ढिवर मुलाच्या ओंजळीत नदीचं पाणी देतो आणि ते प्याल्याशिवाय डोंगा वळत नाही. त्याला न्यायला कुणी तयार होईना. डोंगाबाई म्हणाली, "मीच नेतो त्याले."

तिनं डोंगा नेमका डोहावर नेला. राख सोडून झाली. तिनं त्याची ओंजळ भरली. आम्ही सगळे काठावर उभे होतो.

"पी ना भाऊ. काऊन नाई पेत? काय हाय ह्या पाण्यात?"

तो मान खाली घालून काहीतरी पुटपुटला.

"मोठ्यानं बोल! काठावर आयकू नाई गेलं!"

"औषध टाकलं मी!" तो रडत ओरडला. तेव्हा कुठे तिनं, पाणी न पाजताच, डोंगा वळवला.

मासोळी काही परत आली नाही. ढिवर मिरची तोडायला तेलंगणात जाऊ लागले आणि तिकडेच राहिले. आता आमची जाळी वांग्याच्या वाडीला कुंपण म्हणून बांधलेली दिसतात.

गेल्या वर्षी डोंगाबाई गेली. म्हातारा झालेला ठेकेदार हार घेऊन आला. मला म्हणाला, "झालं गेलं इसरून जा, बाई."

"पहिले डोहात मासोऱ्या आण, भाऊ. मंग इसरतो," मी म्हणाले आणि तो व तिचं प्रेत यांच्या मधे उभी राहिले. तो हार घेऊन तसाच माघारी गेला. त्या दिवशी तेवढंच एक मला बरं वाटलं.