घरी विचारून सांगतो

माझ्या नवऱ्याच्या मागे आमच्या डोंबिवलीच्या घरात काय काय राहिलं, ते आधी सांगते. एक कार्बोरेटर, मिक्सरच्या खोक्यात. दोन हेडलाइट, दिवाणाच्या पोटात, माझ्या जुन्या शालूत गुंडाळलेले. एक भोंगा. मैलांत वेग दाखवणारा काटा आणि त्याची तबकडी, देवघराच्या खालच्या खणात, कारण तिथे ओल येत नाही. आणि खिडकीजवळच्या टेबलावर, जिथे बसून तो हे सगळं घासायचा, पुसायचा, तिथे वीतभर लांबीचा एक हात.

घाबरू नका. हात माणसाचा नव्हे, गाडीचा. जुन्या ब्रिटिश गाड्यांना वळताना लुकलुकणारे दिवे नसायचे. दोन दारांच्या मधल्या खांबात एक छोटासा हात लपवलेला असायचा. बटण दाबलं की तो टक् करून बाहेर यायचा, पिवळा, आतून उजळलेला. उत्तर येत असलेल्या एकुलत्या एका मुलाने वर्गात हात वर करावा तसा. उजवीकडचा हात माझ्या नवऱ्याने दुरुस्त केला होता, टेबलावरच एका बॅटरीला तारा लावून तो वर येतो का ते बघायचा. डावीकडचा तसाच राहिला, टेबलाच्या खणात.

मी मात्र गाडीतलं काही जाणत नाही. मी हौशी नटी. सोसायटीच्या गणपतीपासून ठाण्याच्या स्पर्धांपर्यंत जिथे म्हणून खाष्ट सासू, कजाग बायको किंवा भाडं न देणारी भाडेकरीण लागते, तिथे मला बोलावणं येतं. माझ्याकडे आवाज आहे, भुवया आहेत आणि कमरेवर हात ठेवण्याची स्वतःची एक पद्धत आहे. नवरा माझ्या अगदी उलट. रासायनिक कारखान्यात मीटर सांभाळण्यात त्याचं आयुष्य गेलं. काटा हलला तरच बोलायचं, अशी त्याला कामावर सवय लागली ती घरीही राहिली. रविवारी माझ्या तालमी असायच्या आणि तो सकाळी आवरून खडवलीला जायचा. "तिथल्या एका मित्राची जुनी गाडी आहे. तो ती दुरुस्त करतोय, मी जरा हातभार लावतो," असं त्याने मला पहिल्या रविवारी सांगितलं, आणि त्यापुढे सहा वर्षं काही सांगायची गरज त्याला वाटली नाही. मलाही विचारायची वाटली नाही. पिशवीतून एखादा भाग यायचा, महिना महिना टेबलावर चकचकीत होत राहायचा, मग कापडात गुंडाळून आत जायचा. मित्राचा भाग मित्राकडे परत का जात नाही, एवढा साधा प्रश्न माझ्यासारख्या चौकस बाईला कसा पडला नाही, कोण जाणे.

गेल्या मे महिन्यात एका दुपारी कारखान्यातून फोन आला. त्यापुढचं मी सांगत नाही. मला पाठ असलेली सगळी वाक्यं तिथे संपतात.

दिवसकार्य झाल्यावर खडवलीचा तो मित्र भेटायला आला. उंचापुरा, पांढरे कपडे, हातात आंब्यांची करंडी. सोफ्याच्या अगदी कडेला टेकून बसला, पाणी प्यायला, आणि निघताना दारात म्हणाला, "गाडीचं काय ते सावकाश कळवा वहिनी. घाई नाय." मी मान हलवली. त्या दिवसांत मी सगळ्यालाच मान हलवत होते.

दिवाळी झाली आणि त्याचा फोन आला.

"वहिनी, आता मात्र लवकर सांगायला लागंल. आमची शेड पाडायची हाय, तिथं गोडाऊन बांधतोय. ठाण्याचा एक हॉटेलवाला गाडी मागतो. दारात उभी करनार, लोकं फोटो काढतील. पन साहेबांनी आधी बघितलेली. पयला हक्क तुमचा. घेताव का?"

"पण दादा, गाडी तुमचीच ना?"

"आमचीच. साहेब घेनार होते."

"कधी?"

"सा वर्षं झाली. बघतच होते."

येत्या रविवारी येऊन सांगते, असं मी म्हटलं. गाडी घेत असलात तर आपण मिळून उभी करू, नसलात तर साहेबांनी नेलेले भाग तेवढे आणून द्या, हॉटेलवाल्याला गाडी पुरी पायजे, असं तो म्हणाला.

तो आठवडा माझा फोनवर गेला. मुलगी बंगळूरला असते. ती वडिलांसारखी, मुद्द्याचं बोलते.

"आई, तुला गाडी चालवता येत नाही."

"स्कूटी येते."

"स्कूटीला जागा मिळावी म्हणून तू सेक्रेटरींशी दोन महिने भांडलीस."

"जिंकले ना पण?"

"आई, ती गाडी उभी करायला वर्ष दोन वर्षं लागतील. सुटे भाग कुठून आणणार? मेकॅनिक कोण बघणार? बाबा असते तर वेगळं होतं." मग तिचा आवाज बारीक झाला. "बाबांनी घेतली का नाही गं? तू नको म्हणालीस का?"

"मला कुणी विचारलंच नाही," मी म्हटलं. तिला ते खरं वाटलं नसावं. तिने मला रंगमंचावर फार वेळा पाहिलंय.

माझा निर्णय झाला. नाही म्हणायचं. शहाण्या बाईने दुसरं काय म्हणावं? रविवारी दोन पिशव्या भरल्या. हेडलाइट शालूसकट घेतले, कार्बोरेटर, भोंगा, तबकडी, डावा हात. उजवा हात टेबलावर राहिला. विसरले, असं मी स्वतःला जिन्यात सांगितलं. कल्याण सुटल्यावर खिडकीशी बसून वाक्य घोकलं: "दादा, मनापासून आभार, पण आम्हाला जमणार नाही." 'आम्हाला' वर जोर द्यायचा, 'नाही' वर आवाज खाली आणायचा. उत्तम बसलं होतं.

खडवलीला दादा स्टेशनवर घ्यायला आला होता. त्याच्या घरामागे पत्र्याची शेड, शेडमध्ये भाताचा पेंढा, पेंढ्याशेजारी ती. आमसुली रंगाची, गोल पाठीची, कासवासारखी. दिव्यांच्या जागी दोन भोकं. एका भोकात कोंबडी बसली होती आणि माझ्याकडे, काय हवंय, अशा नजरेने बघत होती. दादाच्या वडिलांनी ही गाडी ठाण्याच्या कुणा पारशाकडून घेतली आणि गावातल्या निम्म्या नवऱ्या हिच्यातून सासरी गेल्या, एवढं दादाने सांगितलं. तेवढ्यात त्याची बायको पदराला हात पुसत बाहेर आली आणि तिने मला केसांपासून चपलांपर्यंत नीट पाहून घेतलं.

"तुमीच का त्या?"

"कोण त्या?"

"नाय बोलनाऱ्या."

"अगो, गप ना," दादा म्हणाला.

"का गप? साहेब दर रविवारी बोलायचे, गाडी लय आवडली, घरी विचारून सांगतो. पुढच्या रविवारी आले का मी पयलं तेच विचारायची, काय बोलल्या वहिनी? बिचारे मान हलवायचे. 'नाही म्हणते.' मी मंग त्यांना आनखी एक भाकरी वाढायची."

मी पिशव्या खाली ठेवल्या. आमच्याकडे मुलगी बघायला येतात, पोहे खातात आणि 'कळवतो' म्हणून जातात, ते मला माहीत आहे. पण सहा वर्षं दर आठवड्याला पोहे खाणारा स्थळवाला माझ्याच घरात निघावा!

"भाकरीबरोबर काय वाढायचात?" मी विचारलं.

"सुकट. साहेबांना लय आवडायची."

आमच्या घरात अंडंसुद्धा येत नाही. रविवारी संध्याकाळी तो आल्या आल्या मोरीत जाऊन साबणाने पुन्हा पुन्हा हात धुवायचा. मला वाटायचं, ग्रीस.

खरं सांगू? त्या क्षणी मला हसू फुटलं. सहा वर्षं खडवलीत माझा प्रयोग चालू होता, प्रमुख भूमिका माझी, आणि मला पत्ताच नाही. नटीला न विचारता भूमिका दिली की ती आधी चिडते आणि मग विचारते, भूमिका केवढी आहे. मी कमरेवर हात ठेवले, माझ्या पद्धतीने.

"आणखी काय काय सांगितलं माझ्याबद्दल?"

"तुमी घरात पाऊल ठेवलं का मांजरसुदा उठून उभी राहते."

"आमच्याकडे मांजर नाही."

"तेच बोलायचे. घाबरून पळाली."

दादा खो खो हसला, मीही हसले, कोंबडी वैतागून भोकातून उतरली. माझ्या नवऱ्याने विनोद केला होता. घरी वर्षानुवर्षं काटा न हललेला माणूस इथे पेंढ्यावर बसून माझ्या नावाने विनोद करत होता, आणि लोक हसत होते. मला तो बघायला हवा होता. एकदाच. मागच्या रांगेतून का होईना.

"मी एकदा बोलले," दादाची बायको, म्हणजे ताई, हसत हसतच पुढे सांगू लागली, "मीच येते डोंबिवलीला. बाई बाईला समजावते. तर साहेब असे दचकले! बोलले, नको नको, तुम्ही गेलात तर ती लगेच हो म्हणेल."

"काय म्हणाले?"

"तुमी लगेच हो म्हनाल. म्हटलं मंग बरंच हाय का. तर बोलले, ती हो म्हणाली की गाडी घरी न्यायला लागेल. मग रविवारी मी कुठे जाऊ?"

हसू थांबलं. शेडच्या पत्र्यावर काहीतरी टपटपलं, चिंच असावी. ताईलाही आपण काय बोललो ते उशिरा कळलं असावं. "चाय ठेवते," म्हणाली आणि आत गेली.

दादाने माझ्यासाठी गाडीचं दार उघडलं. चालकाच्या जागेवर आमच्या सोफ्याची हरवलेली उशी होती. तिच्याबद्दल मी आमच्या कामाच्या बाईंना दोनदा विचारलं होतं. उशीला मधोमध खळगा पडला होता. मी त्यात बसले. समोर तबकडीच्या जागी गोल भोक, आणि त्यातून आरपार शेडची भिंत. पायाशी तीन पेडल, कोणतं कशाचं मला कळेना. इथे बसून तो काय करत असेल? गाडी हलत नाही, भोंगा आमच्या घरी, दिवे माझ्या शालूत. स्टिअरिंगच्या चाकावर हात ठेवून बसत असेल, एवढंच. मीही ठेवले. चाक जिथे धरायचं तिथे गुळगुळीत झालं होतं.

तो मला नीट ओळखत होता. मी हो म्हटलं असतं. लगेच म्हटलं असतं, विचार न करता, टाळ्या वाजवून, सोसायटीतल्या अर्ध्या बायकांना फोन करून. आणि दुसऱ्या आठवड्यात सेक्रेटरींशी भांडून गाडी फाटकात आणून उभी केली असती. त्याच्या शांत रविवारचा मी असा समारंभ केला असता की त्याला पळायला जागा उरली नसती.

"मग वहिनी?" दादाने खिडकीशी वाकून विचारलं. "हॉटेलवाला उद्या फोन करेल. काय सांगू?"

वाक्य तयार होतं. ते मी ओठांपर्यंत आणलंही. पण मी नाही म्हटलं असतं तर सहा वर्षांचं त्याचं खोटं त्या दुपारी खरं झालं असतं. ती कजाग बाई, जी कधीच नव्हती, ती अखेर येऊन नाही म्हणून गेली असती. एवढ्या भूमिका केल्या मी, पण ही माझ्याने होईना. आणि हो तरी कशाच्या जोरावर म्हणू? कोणतं पेडल कशाचं, तेही माहीत नाही.

"घरी विचारून सांगते," मी म्हटलं.

चहा घेऊन आलेली ताई सवयीने हसली. मग तिचं हसू तिथेच राहिलं.

"विचारा," दादा म्हणाला. "उद्या दुपारपर्यंत मी त्याला थांबवतो." आणि माझ्या दोन्ही पिशव्या उचलून म्हणाला, "हे परत न्या. आत्ताच कशाला?"

अंधारून आलं तेव्हा घरी पोचले. घरात कुणी नव्हतं. एरवी माझी शब्दफेक चांगली आहे, पण हे वाक्य मला अजून नीट म्हणता येत नाही. दिवा लावला, खिडकीजवळच्या टेबलाशी त्याच्या खुर्चीवर बसले. उजवा हात तिथेच होता, बॅटरीला एक तार जोडलेली, दुसरी सुटी.

"गाडी घ्यायची का?" मी विचारलं. मोठ्याने, शेवटच्या रांगेपर्यंत पोचेल असं.

त्याने सहा वर्षं मला विचारलं नाही आणि आता मी विचारलं तर तो सांगेना.

"बोलायचं नसेल तर नको बोलूस," मी म्हटलं. "हो असेल तर हात वर कर."

मग मी सुटी तार बॅटरीला लावली. हो, मीच लावली. टक् झालं. पिवळा हात वर आला आणि टेबलावर, त्याच्या पुसायच्या फडक्यावर, माझ्या मनगटावर थोडा उजेड पडला.

तार काढली की दिवा जातो, पण हात अडकतो. तो बोटाने दाबून खाली बसवावा लागतो, हे त्यानेच मला कधीतरी दाखवलं होतं. मी तार काढली. हात तसाच ठेवला, आणि दादाला फोन लावला.