बहिणीचा फोटो पेपरात

बहीण दूरच्या एका रशियन बोलणाऱ्या शहरात डॉक्टरकी शिकत होती. आठवड्यातून एकदा ती इंग्रजी अक्षरांत मराठी लिहून मेल पाठवायची. गेवराईत तेव्हा नुकतंच इंटरनेटचं दुकान निघालं होतं. त्या हिवाळ्यात तिकडे निवडणुकीवरून लोक रस्त्यावर उतरले. "चौकात तंबू ठोकून बसलेत दादा. मैत्रिणीसोबत चहा वाटायला गेलते," तिनं लिहिलं आणि फोटो जोडला. हातात थर्मास, मागं झेंडे.

माझी छाती फुगली. आमच्याकडं आंदोलन म्हणजे हायवेवर तासभर रास्ता रोको, तहसीलदाराला निवेदन आणि दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो. फोटो आला नाही तर आंदोलन झालंच नाही, असं आम्ही मानतो. मी शहाण्यासारखा तो फोटो माझ्या शाळासोबती वार्ताहराला नेऊन दिला. नावासकट, कॉलेजसकट. 'गेवराईच्या कन्येची परदेशात आंदोलनात उडी.' अप्पांनी, म्हणजे आमच्या वडिलांनी, आमच्या किराणा दुकानात पेढे वाटले.

चौथ्या दिवशी मेल आला. तो पेपर आता इंटरनेटवरही निघतो, हे मला ठाऊकच नव्हतं. तिच्या वर्गातल्या एका मराठी मुलानं बातमी पाहिली आणि कौतुकानं सगळ्यांना दाखवली, ती डीनपर्यंत पोचली. परदेशी मुलांना तिथं राजकारणात पडायला मनाई. "डीननं सोमवारी बोलावलंय. कॉलेजातून काढतील. ते पान आधी बंद करायला लाव."

मी वार्ताहराकडं पळालो. "छापायची लई घाई होती, आता कशाला रडतो रे?" तो म्हणाला. "इंटरनेटचं माझ्या हातात न्हाई. औरंगाबादला साहेब हाय."

औरंगाबादचा फोन कुणी उचलेना. सोमवारपर्यंत मी दिवसातून चार-चार वेळा ते पान उघडलं. फोटो सावकाश वरून खाली उतरायचा. आधी तिचं कपाळ, मग डोळे. अप्पांना काय सांगणार? त्यांनी कात्रण गल्ल्याजवळच्या काचेखाली लावलं होतं.

तिला काढलं नाही. माफीनामा लिहून घेतला आणि सोडलं. शिकून डॉक्टर होऊन आली. माझ्यावर कधी चिडली नाही. चिडली असती तर बरं झालं असतं. पण त्यानंतरच्या प्रत्येक मेलची पहिली ओळ एकच असायची, "दादा, हे कुणाला दाखवू नको." आणि खाली बर्फ किती पडला, एवढंच.