तीन बाजारांचा स्लॅब

सेंट्रिंगवाल्याजवळ दोनच गोष्टी साठतात. वाकडे खिळे आणि किस्से. खिळे ठोकून सरळ करता येतात. किस्से मी सरळ करणार नाही. ज्याला टोचतील त्यानं चप्पल घालून वाचावं!

*

दुष्काळाचं साल. घोडेगावजवळ शाळेचा स्लॅब. माझी स्वतःची शाळा दुसरीत सुटलेली, आणि मी पोरांच्या डोक्यावरच्या छपराचा लाकडी साचा बांधतोय!

रंभाजी मिस्तरी आमचा म्होरक्या. फळ्यांखालच्या प्रत्येक टेकूवर हातोडी टिचकवायचा, कान लावायचा. एकदा माझ्या टेकूशी थांबला.

"धोंड्या, ह्यो खोटं बोलतोय."

वाकून बघितलं. पाचरीखाली बोटभर पोकळी!

*

कामावरचा इंजिनेर साहेब नवा, कडक इस्त्रीचा. म्हणाला, "टेकू दोन फुटांवर कशाला? चारवर लावा. लाकूड वाचेल."

मिस्तरी म्हणाला, "लावतो. फकस्त ओतताना तुमी खाली उभं ऱ्हावा."

साहेबानं नकाशा पुन्हा बघितला. "दोन फूटच ठीक आहे!"

*

ओतलं त्या दिवशी घोडेगावचा बैलांचा आठवडी बाजार होता. निम्मा स्लॅब झाला आणि खाली एक टेकू सरकला. खाली मी एकटा. फळीला खांदा दिला.

वरून मिस्तरी ओरडला, "काय झालं रं?"

बोलायला दम कुठला! "थांबा" एवढंच निघालं. दुसरा टेकू येईपर्यंत खांदा सोलून निघाला.

मिस्तरीनं बघितला आणि म्हणाला, "ह्याच्यावर बी गोणपाट टाका. रोज पाणी मारा!"

*

पाणी! स्लॅब ओला ठेवला नाही तर कच्चा राहतो. आणि इथं प्यायला नव्हतं. टँकरमधली दोन पिंपं आमच्या वाट्याला. एक म्हातारी हंडा घेऊन आडवी आली.

"माणसं तहानली आन छपराला पाजता व्हय रं मुडद्यांनो?"

मिस्तरीनं एक पिंप वस्तीला दिलं. मग रोजच दिलं. छपराला निम्मंच पाणी. काळजीनं मिस्तरीचं जेवण कमी झालं ते तेव्हापासून.

*

मिस्तरी बेलापूरच्या कामावर गेला. जाताना म्हणाला, "तीन बाजार झाले की खोल."

तिसऱ्या बाजाराला मी टेकू काढायला लागलो. निम्मे काढले. मिस्तरी एस्टीतून उतरून आला आणि दारातच थिजला.

"कितवा बाजार?"

"तिसरा."

"ओतला त्यो धरून?"

"व्हय."

म्हणजे दोनच आठवडे! त्यात अर्धपोटी स्लॅब. वर कुठंतरी कट्ट वाजलं. मी दाराकडं निघालो.

"हलू नगं!"

तो आत आला. एकेक टेकू परत उभा केला, पाचर हळूहळू ठोकली. दिवस मावळेपर्यंत. तोंडातून एक शिवी नाही. त्याचीच जास्त भीती वाटली!

पुढच्या बाजाराला पुन्हा खोलायला घेतलं. शेवटचा टेकू उरला. आमच्यात रीत होती, टेकू ज्यानं लावला त्यानंच शेवटी खाली उभं राहायचं. मी आत निघालो. मिस्तरीनं बाहेर ढकललं.

"टेकू माझा हाय," मी म्हणालो.

"बाजार माझे हुते."

आतून हातोडीचा एक ठोका. टेकू पडला. दारातून नुसती धूळ.

"मिस्तरी!"

मी दारातून आत डोकावलो.

"ओ मिस्तरी!"

"धोंड्या, आज कितवा बाजार?"

"तिसरा!"

"मंग चल. बैल बघून येऊ."