मला ऐकू आलेले ठोके

दुसऱ्या महायुद्धाच्या दिवसांत मी माणदेशातल्या एका लहानशा दवाखान्यात नर्स होते. वय बावीस, गाव सांगली, आणि सर्टिफिकेट इतकं ताजं की त्याची घडीसुद्धा मोडली नव्हती. डॉक्टर आठवड्यातून एकदा यायचे. उरलेले सहा दिवस मीच डॉक्टर, असं मला वाटायचं. माणसं अर्ध्या हळकुंडानं पिवळी होतात म्हणतात. मी तर नुसत्या वासानंच झाले होते.

एका बाजारच्या दिवशी मेंढरं राखणाऱ्या घरातली एक सून तपासायला आली. बरोबर थोरला दीर होता, तो ओसरीवर टेकला. मुलगी विशीतली, अंगानं काडी, पण पोट चांगलं वर आलेलं. तिनं आपणहून सगळं सांगितलं. अर्ध्या भाकरीतच पोट गच्च होतं. सारखं लघवीला जावं लागतं. कंबर धरते. डाव्या अंगाला ओढ लागते, आणि पोट आधी त्याच बाजूनं वाढलं. मी मान डोलवत होते. सगळं गरोदरपणाच्या धड्यात बसत होतं. डावी बाजू तेवढी बसत नव्हती, म्हणून ती मी सोडून दिली. पाळीचं विचारलं तर म्हणाली, "येतीया की. मागंपुढं हुती, पर येतीया." या पोरींना दिवस कुठले मोजता येतात, असं मनाशी म्हणून तेही सोडून दिलं.

मग माझी लाकडी नळी तिच्या पोटावर टेकवली आणि कान लावला. ठोके ऐकू आले. मी ऐटीत ओसरीवर आले आणि दिराला म्हटलं, "साखर वाटा. पाचवा महिना आहे."

त्याचा चेहरा काळा ठिक्कर पडला. "बाई, माजा धाकला भाऊ दीड वरीस झालं लढाईवर हाय. मदी एकदाबी आला न्हाई."

अक्कल असलेलं कुणीही इथं आत जाऊन पुन्हा तपासलं असतं. मला मात्र माझ्या विद्येवर कुणीतरी शंका घेतल्यासारखं वाटलं. "बाळाचे ठोके मी स्वतःच्या कानांनी ऐकलेत," असं मी ठणकावून सांगितलं. ओसरीवर बाजाराला आलेली निम्मी माणसं बसली होती. आत बाकावर ती मुलगी अजून पडूनच होती, आणि मधे दाराला फक्त पडदा होता.

चार दिवसांनी तिची सासू तिला घेऊन आली. थोरल्यानं भावजयीला घराबाहेर काढायचं ठरवलं होतं, मास्तरांकडून लिहून घेऊन भावाला पत्रही धाडलं होतं. म्हातारी उंबऱ्यात आडवी बसली म्हणून पोर घरात राहिली, एवढंच. मी नळी उचलली तशी ती म्हणाली, "आवं बाई, ती ऱ्हाऊ द्या. हात लावा."

"तपासलंय मी, मावशी."

"माजा जलम मेंढरांची पोटं चाचपण्यात गेला. कोकरू आसलं तर हाताला लागतंया, कुटं टणक, कुटं मऊ. आन् हितं बगा. ह्या अंगाला टिचकी मारली की त्या अंगाला लाट येतीया. ही पान्यानं भरल्याली पखाल हाय. ह्यात जीव न्हाई."

माणूस आणि मेंढरू सारखं नसतं, हे वाक्य माझ्या जिभेवर तयार होतं. तरी हात ठेवला. म्हातारीनं टिचकी मारली आणि पलीकडे माझ्या तळव्याखाली पाण्याची लाट आली. मी घाबरून पुन्हा नळी लावली, या वेळी दुसऱ्या हातानं मुलीची नाडी धरून. ठोके नाडीबरोबर पडत होते, एकास एक. ते तिचेच होते. पोटातल्या बाळाचे ठोके आईच्या जवळजवळ दुप्पट वेगानं पडतात; हा प्रश्न मला परीक्षेत आला होता आणि मी त्याचं उत्तर अगदी बरोबर लिहिलं होतं.

डॉक्टरांची वाट न बघता दुसऱ्या दिवशी आम्ही तिघी निघालो. पेट्रोलच्या टंचाईत कोळशावर चालणारी सर्व्हिस मोटर, मग आगगाडी, मग सांगलीकडचा एक मोठा दवाखाना. मोटरच्या प्रत्येक हिसक्याला मुलगी पोट धरायची. आत गाठ असली आणि तिला पीळ बसला तर वाटेतच काय होईल ते मला माहीत होतं, आणि मी इतकी भ्यायले होते की ज्यांची नावं ठाऊक नव्हती त्या देवांनाही नवस बोलले. सासू भाकरीचं गाठोडं मांडीवर घेऊन समोर बसली होती.

ऑपरेशन झालं आणि डाव्या बीजकोशावर कलिंगडाएवढी पाण्याची गाठ निघाली. उजवी बाजू शाबूत होती, पुढं मूलबाळ व्हायला हरकत नाही, असं तिथल्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं. मग माझ्याकडे वळून त्यांनी शांतपणे विचारलं, "आणि पाच महिने कुठून काढलेत?" मला त्या वेळी जमिनीत शिरायला एक मेंढरांचं बीळ असतं तरी चाललं असतं. मेंढरांना बिळं नसतात, हेही सुचायला मला वेळ लागला.

परतल्यावर म्हातारीनं एकच मागितलं. "जेवड्या मोट्यानं तवा सांगितलं, तेवड्याच मोट्यानं आता सांगा." पुढच्या बाजारी मी ओसरीवर उभी राहिले आणि चूक माझी, पोट गाठीचं, असं सांगितलं. आवाज पहिल्याइतका काही निघाला नाही. म्हातारीनं दोनदा परत सांगायला लावलं. दीर खाली मान घालून ऐकत होता. त्या सैनिकालाही मी त्याच दिवशी पत्र लिहिलं.

पण माझं पत्र पोचण्याआधीच, थोरल्याच्या पत्राचं उत्तर आलं. सासू-सुना ते माझ्याकडेच घेऊन आल्या. सुरुवात तुमच्या तोंडानं झाली, तर वाचायचंही तुमच्याच तोंडानं, असं म्हातारीचं म्हणणं. मी वाचलं. आईस दंडवत. दादाचे पत्र पावले. तिला घरातून काढू नये. मूल होईल त्याला माझेच नाव लावावे. मी आल्यावर यावर कोणी बोलू नये.

म्हातारीनं पदर डोळ्यांना लावला. माझ्या छातीवरचं ओझं उतरलं, डोळेही भरून आले, आणि शहाणपण लगेच परत आलं. "बघ," मी मुलीला म्हटलं, "केवढ्या मनाचा नवरा आहे तुझा."

तिला अक्षरओळख नव्हती. तरी तिनं कागद माझ्या हातातून घेतला आणि बराच वेळ त्याकडे बघत राहिली.

"व्हय," ती म्हणाली. "पर त्यास्नी खरं वाटलं."