सूचक कोण, अनुमोदक कोण?

तमाम सुज्ञ वाचकांस अत्यंत गांभीर्यपूर्वक कळविण्यात येते की, बीडच्या कोर्टासमोरच्या पत्र्याच्या दुकानात बसून, भटजीशिवाय, अक्षतांशिवाय, बँडबाजाशिवाय, प्रस्तुत लेखकाने एकट्याने आजवर कित्येक लग्नं लावली आहेत. पैकी बऱ्याच वधूवरांना आपलं लग्न झाल्याचा पत्ता नाही. काही जण तेव्हा भलत्याच कुणाशी विवाहित होते. काहींचं आपसातलं नातं सांगितलं तर तुम्ही कानांवर हात ठेवाल. माझ्या या कर्तृत्वाची जाणीव मला ज्या बाईंनी करून दिली त्या म्हणजे प्राध्यापक डॉक्टर यमुना खाडे, समाजशास्त्र विभागप्रमुख. विभागात एकूण माणसं दोन, दुसरा शिपाई.

मी टायपिंग-झेरॉक्सवाला. प्रतिज्ञापत्रं, भाडेकरार, फारकतीचे कागद, सगळं माझ्याकडून जातं. वीसेक वर्षांपूर्वी मॅडम पहिल्यांदा दुकानात आल्या तेव्हा त्यांच्या एका हातात हस्तलिखिताची पिशवी होती आणि दुसऱ्या हातात मेथीच्या दोन जुड्या. "टाइप व्हायला वेळ लागेल," मी म्हणालो. "लागू दे," म्हणाल्या, आणि स्टुलावर बसून मेथी निवडायला लागल्या. पाच मिनिटांनी दुसरी जुडी माझ्या बायकोच्या पुढ्यात सरकवली. अर्ध्या तासात माझ्या बायकोनं त्यांना जे सांगितलं ते मला लग्नाला बारा वर्षं होऊनही ठाऊक नव्हतं. मी टाइप करत होतो, म्हणून सगळं ऐकू आलं नाही. जेवढं आलं तेवढं पुरेसं होतं.

हीच त्यांची संशोधनपद्धती. आष्टीकडच्या मेंढपाळाच्या घरातली ही बाई. लहानपणी मेंढरांमागं चालली, पुढं डॉक्टरेट झाली, आणि विषय असा निवडला की घरी सांगायची सोय नाही. बाईनं कसं वागावं, कुणासोबत राहावं, हे गाव कसं ठरवतं, कायदा काय म्हणतो, आणि सुधारणेच्या नावाखाली नेमकं कुणाला सुधारलं जातं. हे सगळं त्या बायकांकडून मेथी निवडता निवडता काढून घेत. "हात मोकळे असले की बाई तोंड मिटून बसते," असं त्यांचं म्हणणं. "हाताला काम दे, मग ऐक." जुडी संपली की मुलाखत संपली. त्यांचे यजमान एकदा मला केविलवाण्या आवाजात म्हणाले होते, "प्रभाकरराव, तुमच्या मॅडमचा प्रबंध संपला का हो? आम्ही दोन वर्षं मेथीच खातोय."

कॉलेजात त्यांचा दबदबा होता आणि धास्तीही. एकदा 'लैंगिकता आणि कायदा' या विषयावर त्यांचं व्याख्यान ठरलं. प्राचार्य घाबरले. फलकावर असला शब्द नको म्हणून त्यांनी स्वतःच्या हातानं 'तत्सम विषयांवर व्याख्यान' असं लिहिलं. तत्सम म्हणजे कशासारखे, याची एवढी चर्चा झाली की सभागृहात उभं राहायला जागा उरली नाही. कृषी महाविद्यालयाची मुलंसुद्धा आली. मॅडमनी माइक हातात घेतला आणि म्हणाल्या, "प्राचार्यांचे आभार. एवढी गर्दी त्या शब्दानं जमली नसती, तो लपवल्यामुळं जमली. आजचा विषय हाच आहे."

त्यांचा एक छंद मात्र जगावेगळा होता. लोक जुनी नाणी जमवतात, या बाई गावोगावच्या ग्रामसभांचे ठराव जमवत. मुलींच्या हातात मोबाइल नको असा ठराव. जत्रेत तमाशा नको असा ठराव. सुनांनी गाऊन घालून नळावर येऊ नये असाही एक होता, तो त्या फार कौतुकानं दाखवत. प्रत्येक ठरावाला त्यांचा प्रश्न एकच. "सूचक कोण? अनुमोदक कोण? आणि विषय कोण?" मी एकदा म्हणालो, "मॅडम, दारूबंदीचा ठराव पण सुधारणाच ना? तो तुम्हाला चालतो, आणि हे चालत नाहीत?" त्या खूश झाल्या. "शाब्बास. दारूबंदीत बाई सूचक असते. गाऊनबंदीत बाई विषय असते. रजिस्टर उघडून बघ, दोन नावांत सगळं समाजशास्त्र आहे."

आता द्वारकेची गोष्ट. शिरूर कासारकडचं गाव. नाव सांगत नाही, मॅडमना आवडणार नाही. द्वारका विधवा, वय पस्तिशीचं. सासरच्या जागेत पत्र्याची एक खोली आणि दोन शेळ्या, एवढा संसार. ऊसतोडीला जायचं म्हटलं तर एकट्या बाईला कुणी नेत नाही. तिथं हिशोब जोडीचा. एकानं तोडायचं, दुसऱ्यानं मोळी बांधायची, आणि त्या जोडीला नावच 'कोयता'. मग टोळीचे मुकादम निवृत्ती अण्णा यांनी तिला ज्ञानोबाच्या जोडीला लावलं. ज्ञानोबाची बायको त्याला सोडून गेलेली. दोघं तीन हंगाम एका कोयत्यात गेले, फडावर पाचटाच्या एका कोपीत राहिले. तिसऱ्या हंगामाहून परत आले तेव्हा ज्ञानोबानं आपली वळकटी स्वतःच्या घरी नेलीच नाही, द्वारकेच्या खोलीत टाकली.

झालं. गावात नुकतीच संस्कार समिती निघाली होती आणि तिचे अध्यक्ष कोण? निवृत्ती अण्णाच. मोठा माणूस, पांढरी टोपी, बोलणं गोड. त्यांनी ग्रामसभेसाठी ठराव तयार केला: लग्नाशिवाय एकत्र राहणाऱ्यांनी गाव सोडावं, आणि द्वारकेची खोली दिराच्या ताब्यात द्यावी. दिराचा डोळा त्या जागेवर आधीपासून होता. मॅडम गावात मुलाखतींना यायच्या, त्या ओळखीवर द्वारका बीडला आली, मॅडमच्या घरी ओट्यावर बसली, आणि एवढंच म्हणाली, "मॅडम, शेळ्या कुटं बांदू?"

मॅडमच्या विद्यार्थ्यांनी सांगितलं, पोलिसांत जा. मॅडम म्हणाल्या, "कायदा माझ्या पिशवीत आहे, तो काढता येतो. पण पोलीस संध्याकाळी परत जातात. द्वारकेला तिथंच राहायचंय. मला गाव पाहिजे." एका हुशारानं सुचवलं की तुमच्या वह्यांत त्या गावातल्या तीस वर्षांच्या भानगडी आहेत, अण्णांच्या घरच्यासुद्धा असतील, त्यातली एक वाचून दाखवा. त्याच्यावर मात्र त्या अशा कडाडल्या की मास्तरकीची भाषा गळून आष्टी बाहेर आली. "बाया माज्यापाशी बोलल्या ते मेथी निवडताना बोलल्या. ते चावडीवर न्यायाचं न्हाई. ज्याचं नाव त्यानंच सांगावं, न्हाईतर कुणीच न्हाई."

आणि मग त्या द्वारकेला घेऊन माझ्या दुकानात आल्या. ठरावावर हरकतीचा अर्ज टाइप करायचा होता. अर्जासोबत लावायला द्वारकेनं पदराखालून एक प्लास्टिकची पिशवी काढली. तिच्यात आधार कार्ड, नवऱ्याचा मृत्यूचा दाखला आणि घडी घालून घालून फाटत आलेला ऊसतोडीचा करार. स्टॅम्प पेपर. खाली अण्णांची झोकदार सही. मॅडमनी तो वाचला, पुन्हा वाचला, आणि चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं.

"प्रभाकर, हे कुणी टाइप केलं?"

मी अभिमानानं म्हणालो, "मीच! सगळे मुकादम माझ्याकडेच येतात."

खरं सांगायचं तर त्यात टाइप करण्यासारखं काही नव्हतंच. माझ्याकडे तयार नमुना होता. श्री. टिंब टिंब (पती) आणि सौ. टिंब टिंब (पत्नी) हे उभयता जोडीने काम करतील, वगैरे. मुकादमानं नावं सांगायची, मी टिंबं भरायची. नातं मी कधी विचारलं नाही, त्यांनी कधी सांगितलं नाही. बापलेक, भाऊबहीण, दीरभावजय, जी जोडी आली ती माझ्या संगणकानं नवराबायको करून टाकली. मॅडम हे ऐकून स्टुलावर बसल्या आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. मग डोळे पुसून म्हणाल्या, "उद्या दुकान बंद. तू सभेला यायचं."

"मी कशाला?"

"लग्न लावणाऱ्यानं हजर राहायचं असतं."

सकाळी दहाची ग्रामसभा. पुरुष खुर्च्यांवर, बायका मारुतीच्या पाराखाली भुईवर. मॅडमनी येताना पोतंभर मेथी आणली होती. एकेका बाईला जुडी दिली आणि स्वतः मध्ये बसल्या. अण्णांनी नमस्कार केला. "या मॅडम, लई बरं झालं. तुमच्यासारक्या शिकल्यालांनी आशीर्वाद द्यावा." मी मागे एका खांबाला टेकून उभा होतो. मजा हुकवायची नव्हती.

ग्रामसेवकानं ठराव वाचला. मॅडमनी बसल्या बसल्या विचारलं, "सूचक कोण?"

"मीच," अण्णा म्हणाले.

"अनुमोदक?"

"आत्ता हुतील की. समदं गावच अनुमोदक हाय."

"मी गावची नाही, मला मत नाही," मॅडम म्हणाल्या. "पण एक शंका आहे. नवराबायको कोण, हे ओळखायचं कसं? नुसतं लोक म्हणतात म्हणून?"

"छ्या!" अण्णा रंगात आले. "कागद पाहिजे. सहीशिक्क्याचा कागद. ज्याच्यापाशी कागद त्यो नवरा, ती बायको. बाकी समदं बेकायदा."

"असं ठरावात लिहा," मॅडम म्हणाल्या. ग्रामसेवकानं लिहिलं. अण्णांनी मान डोलावली. मग मॅडमनी मेथीचं एक पान खुडलं आणि मागं न बघता म्हणाल्या, "द्वारका, कागद आहे का गं?"

द्वारका उठली. पिशवीतला कागद तिनं ग्रामसेवकाच्या हातात दिला. त्या बिचाऱ्यानं मोठ्यानं वाचला. ज्ञानोबा, पती. द्वारका, पत्नी. हे उभयता. स्टॅम्प, शिक्का, साक्षीदार, आणि खाली सही: निवृत्ती अण्णा.

मग खुर्च्यांवरून कुणीतरी खुसखुसलं. "अण्णा, सही तुमचीच हाय की वो!"

आता तो कागद खरोखर लग्नाचा दाखला नव्हता, हे मॅडमना माहीत होतं, मलाही माहीत होतं. अण्णा शांतपणे "हा मजुरीचा करार आहे" एवढं म्हणाले असते तर आम्ही दोघं मेथी घेऊन घरी आलो असतो. पण अण्णांचा तोल गेला. ते खुर्चीवरून उठले, टोपी सरकली.

"अवो, ते कोयत्यापुरतं असतंय! ते काय खरं असतंय व्हय? टायपिंगवाल्याकडं तसंच छापल्यालं असतंय! आमी समद्यांनाच तसं लिवतो!"

"समद्यांना?" मॅडमनी अगदी गोड आवाजात विचारलं.

"समद्यांना! अवो, माज्या बबनची बायको बाळंत झाली तवा त्याच्या कोयत्यात आमची भागू आत्या गेलती. मी काय केलं? बबनच्या नावापुढं भागू आत्यालाच बायको लिवलं! मग काय ती त्याची बायको झाली?"

बबन म्हणजे अण्णांचा सख्खा धाकटा भाऊ. भागू आत्या म्हणजे त्यांच्या बापाची बहीण, साठी ओलांडलेली, आणि त्या वेळी मॅडमच्या शेजारीच बसून मेथी निवडत होती. त्यानंतर तिथं जे झालं ते सांगायच्या आधी बाकीचं सांगून टाकतो, नाहीतर हसण्यात राहून जाईल.

त्या ठरावाला अनुमोदक मिळाला नाही. रजिस्टरात तो अजून तसाच आहे. सूचकाचं नाव आहे, त्याखालची जागा कोरी. द्वारका त्याच खोलीत राहते, आणि शेळ्या आता पाच झाल्यात. अण्णा पुढचे काही महिने माझ्या दुकानावरून जाताना रस्त्याच्या दुसऱ्या कडेनं जात. माझ्या नमुन्यातून मॅडमनी स्वतः समोर बसून 'पती' आणि 'पत्नी' काढायला लावलं आणि 'परस्पर नाते' असा रकाना घातला. मुकादम कुरकुरतात, पण भरतात. गेल्या वर्षी मॅडम निवृत्त झाल्या आणि लेकीकडे राहायला गेल्या. निघायच्या दिवशी दुकानात आल्या. हातात दोन जुड्या होत्याच. एक माझ्या बायकोला दिली आणि दोघी आत जाऊन बसल्या. काय बोलल्या ते मला अजून कळलेलं नाही, आणि विचारायची हिंमतही नाही.

त्यांचं पुस्तक निघालं तेव्हा शेवटच्या प्रकरणाच्या सुरुवातीला त्यांनी भागू आत्याचं त्या सभेतलं वाक्य घातलं. पुस्तकात बोललेल्या साऱ्या बायकांत खरं नाव तेवढं एकच आहे. मॅडम परवानगी मागायला गेल्या तेव्हा आत्या म्हणाली होती, "टाक की नाव, मी काय चोरी केली व्हय?" प्रकाशकानं ते वाक्य जरा प्रमाण भाषेत आणू या असं सुचवलं. मॅडमनी कळवलं, वाक्याला हात लावलात तर पुस्तक परत घेईन. म्हणून मीही ते जसंच्या तसं देतो.

अण्णांचं बोलणं संपलं होतं. भागू आत्या मांडीवरच्या काड्या झटकत उठली, निवडायची राहिलेली अर्धी जुडी तिनं अण्णांच्या दिशेनं रोखली, आणि साऱ्या गावादेखत ओरडली:

"आरं निवृत्त्या, मला भाच्याची बायको केलीस, तवा तुजे संस्कार कुटं गेलते रं?"