केटूरा वॉडलीची शपथ

केटूरा वॉडलीचं दुसरं लग्न ऑगस्टात ठरलं होतं. जुलैत तिच्या मुलाचं नाव सरकारी चाकातून निघालं.

दक्षिणेकडच्या बंडखोर राज्यांशी युद्ध पेटून दोन वर्षं झाली होती. आपण होऊन सैन्यात जाणारे तरुण संपले होते. उरलेल्यांच्या चिठ्ठ्या चाकात घालून फिरवत, आणि डोळे बांधलेला एक माणूस त्या काढी. त्याने ऑरिन वॉडलीची काढली.

ऑरिन माझा शाळासोबती. वय चोवीस. फिडल सुंदर वाजवायचा. बाकी काही करायचा नाही. बावीस मेंढ्या, तीन गाई, डोंगरावरची मेपलची राई, सगळं केटूरा मावशीच पाहायची. नवरा जाऊन नऊ वर्षं झाली होती. तो असतानाही तीच पाहायची.

तीनशे डॉलर भरले की सुटका होत असे. आमच्या डोंगरात तीनशे डॉलर फक्त दोघांकडे होते, आणि दोघांनाही मुलीच होत्या.

मी नुकताच कॉलेजातून साहित्य शिकून आलो होतो. उजवा डोळा अधू, म्हणून सैन्याला नको होतो. साहित्य शिकलेला, म्हणून गावालाही नको होतो. कायदा वाचायला मात्र मावशीने मला बोलावलं.

"विधवेचा एकुलता एक मुलगा," मी वाचलं. "तिचं पोट त्याच्या कष्टावर चालत असेल, तर त्याला सूट."

मावशी गवताची गंजी रचत होती. ती थांबली. "कुणाच्या कष्टावर?"

"मुलाच्या."

तिने गंजीच्या सावलीत पाहिलं. मुलगा तिथे झोपला होता.

होशिया फॉग गाडीवर उभा राहून गवत खाली ढकलत होता. हा नवरदेव. पंचावन्न वर्षांचा विधुर, धंदा पिंपं बनवण्याचा.

"आणि तिने लग्न केलं तर?" त्याने विचारलं.

"मग त्या विधवा राहणार नाहीत."

ऑरिन उठून बसला. "आई, युद्ध संपेपर्यंत थांब ना."

"कधी संपणार?"

"लोक म्हणतात, नाताळपर्यंत."

"दोन नाताळ झाले म्हणताहेत."

"थांबू की," होशिया म्हणाला. "पहिल्या लग्नाची मी फार घाई केली होती. बायको जन्मभर तेच म्हणायची."

अर्ज मी लिहिला. त्यावर गावातल्या दोन घरकर्त्यांची साक्ष लागायची. पहिली सही होशियाने केली: ही बाई विधवा आहे, मुलाशिवाय तिला जगात कुणाचा आधार नाही. स्वतःचं लग्न लांबवणाऱ्या कागदावर इतकी वळणदार सही मी पाहिली नव्हती.

मावशीने न्यायाधीशापुढे बायबलवर हात ठेवला. शपथ घेतली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने झुलती खुर्ची ओसरीवर आणली, मातीची चिलीम पेटवली आणि बसली.

"आई, दूध काढायचं राहिलंय," ऑरिन म्हणाला.

"काढ."

"मी?"

"मी देवाच्या पुस्तकावर हात ठेवलाय. तुझ्या कष्टावर जगते म्हणून सांगितलंय. नरकात जायची माझी तयारी नाही, मेल्या. तुझ्यासाठी तर मुळीच नाही."

ऑरिन हसला. थट्टा आहे असं त्याला वाटलं. मलाही वाटलं. दुपारपर्यंत गाई हंबरत होत्या. शेवटी तो बादली घेऊन गेला. एका गाईने त्याला ओळखलं नाही आणि लाथ मारली.

मावशी खरंच उठली नाही. जेवायला, झोपायला आणि रविवारी चर्चमध्ये जायला तेवढी उठे. गवत कापायचं, लाकडं फोडायची, मेंढ्या हाकायच्या, स्वयंपाक करायचा, सगळं ऑरिनकडे. त्याने केलेली पहिली मक्याची भाकरी होशियाने पिंपाच्या बुडाला लावून पाहिली. चपखल बसली.

होशिया रोज संध्याकाळी येई आणि शेजारी बसे. चर्चच्या पाळकांनी एकदा मावशीची वाट अडवली. "बाई, लोक बोलतात."

"बोलू द्या. हिवाळ्यात लोकांना दुसरं काम काय?"

"लग्न तरी करा."

"सरकारला विचारा."

ऑरिन मला गोठ्याच्या मागे गाठायचा. "ही बाई मला मारणार. दक्षिणेवाले निदान लांबून गोळी घालतात."

"मग जा ना सैन्यात."

"वेडा आहेस? सूट मिळालीय मला."

जानेवारीत एक मेंढी अडली. पिल्लू आडवं होतं. ऑरिनने मेंढीच स्वयंपाकघरात उचलून आणली. थंडीत मावशीची खुर्ची तिथे आली होती. मावशी खुर्चीच्या पुढच्या कडेला सरकली. खुर्चीचे हात तिने असे धरले होते की बोटं पांढरी पडली. "कोपरापर्यंत घाल हात. पाय शोध. पाय, गाढवा, शेपूट नाही!" अर्धा तास ती ओरडत होती. पिल्लू जिवंत निघालं. मावशी मागे टेकली. तिला घाम फुटला होता. मेंढीला तिने बोट लावलं नव्हतं.

फेब्रुवारीअखेर एका संध्याकाळी मी वर्तमानपत्र घेऊन गेलो. होशिया मावशीशेजारी बसला होता. नवा कायदा झाला होता. रोगी, सैन्यात असलेले आणि दोन वर्षं लढून परतलेले, एवढ्यांनाच सूट.

"आणि विधवा?" मावशीने विचारलं.

"त्यांचं नाव नाही."

"नीट वाच. शिकलायस ना?"

"तीनदा वाचलंय, मावशी."

तिने चिलीम ओढून पाहिली. चिलीम विझली होती.

"सात महिने," ती म्हणाली. "पिठाच्या पोत्यासारखी बसले. फुकट."

ऑरिन दाराशी दुधाची बादली घेऊन उभा होता. "फुकट कसे, आई? सात महिने मी आहे ना इथे."

मावशी उठली. त्याच्या हातातली बादली घेतली आणि दूध गाळायला लागली. पाठमोरीच म्हणाली, "होशिया, गुरुवारी कोट घालून या."

गुरुवारी लग्न झालं. ऑरिनने इतकं वाजवलं की तार तुटली.

जूनमध्ये चाक पुन्हा फिरलं आणि त्याची चिठ्ठी पुन्हा निघाली. तपासणीला आम्ही चौघे जिल्ह्याच्या गावी गेलो. आतून एकेकजण नापास होऊन हसत बाहेर येत होता. कुणाचे दात नव्हते. कुणाला आतड्याचा विकार होता. मावशी प्रत्येकाकडे हेव्याने पाहत होती.

डॉक्टर स्वतः दाराशी आला. "वॉडलीची आई कोण?"

"मी. काय झालंय त्याला?"

"काही नाही. सकाळपासून चाळीस तपासले. असा माणूस नाही पाहिला. काय खांदे आहेत!"

"खोकतो तो."

"कधी?"

"मागच्या वर्षी खोकायचा. जिना चढला की धाप लागायची."

"मग मागच्या वर्षी आणायचं होतं, बाई. तेव्हा परत पाठवला असता."

होशिया टोपी हातात फिरवत राहिला. मी भिंतीकडे पाहिलं.

मावशी म्हणाली, "हे मी केलं."

डॉक्टरला वाटलं, ती अभिमानाने बोलतेय. "शाबास," तो म्हणाला आणि आत गेला.

ऑरिन उघड्या शर्टानेच बाहेर आला. चेहरा पांढरा होता, पण छाती फुगलेली होती. "आई, चाळीस इंच! डॉक्टरने दोनदा मोजली."

"गाढव आहेस," मावशी म्हणाली.

मग ती त्याच्या शर्टाची बटणं लावू लागली. पंचवीस वर्षांच्या माणसाची. ऊन मी म्हणत होतं, तरी तिने सगळी लावली, पार गळ्यापर्यंत.