शिलाई कारखान्यातलं अगं-तुगं

बुरुलचाला वेळेवर उत्तर देणं कधी जमलं नाही. कोणी टाकून बोललं की तिची जीभ टाळूला चिकटायची, आणि झणझणीत उत्तर सुचायचं ते संध्याकाळी, घरी जाताना, मिनीबसच्या दांडीला लोंबकळत असताना. किर्गिझस्तानातल्या नारिनच्या डोंगरातून ती राजधानीत, बिश्केकला आली तेव्हा तरुण होती. नवरा रशियात बांधकामावर गेला आणि तिकडेच दुसरा संसार थाटून बसला. दोन्ही मुली तिने शिवणयंत्रावर वाढवल्या. आता पन्नाशी उलटली होती, डोळ्यांवर जाड चष्मा आला होता.

कारखाना एका इमारतीच्या तळघरात होता. मालकीण जिपार कडक होती, पण चहाला बायकांमध्ये येऊन बसायची. बाहेरगावची कामं वाढली तशी तिने आपल्या बहिणीच्या मुलाला, मिक्तीबेकला, देखरेखीला आणून बसवलं.

वयाने मोठ्या बाईला नावापुढे ‘एजे’ लावायचं, म्हणजे ताई म्हणायचं, हे तिथल्या पोरांना बोलायला लागल्यापासून शिकवतात. मिक्तीबेक सगळ्यांना ‘ए’ म्हणायचा. बुरुलचा ‘ए चष्मा’ आणि तिच्या शेजारची जाडजूड सोनुन ‘ए ढोल’.

“इथे वृद्धाश्रम उघडलाय का?” हे त्याचं रोजचं वाक्य.

बुरुलचाने आधी सरळ मार्ग धरला. काय बोलायचं ते मिनीबसमध्ये घोकलं आणि जेवणाच्या सुट्टीत त्याच्यासमोर चहाचा वाडगा नेऊन ठेवला.

“मिक्तीबेक, बाळा, काम चुकलं तर खुशाल सांग. पण मी तुझ्या आईच्या वयाची आहे. एजे म्हणत जा.”

त्याने मोबाइलवरून नजरही काढली नाही. “इथे नातेवाईक नाहीत, कामगार आहेत. नाती जोडायची तर कुणाच्या लग्नाला जा.”

बुरुलचा आपल्या मशीनवर परत आली. मग तिने जिपारला फोन केला.

“डोकं गरम आहे गं पोराचं,” जिपार म्हणाली. “सांभाळून घ्या जरा.”

वसंतातल्या कामाची घाई सुरू झाली आणि एका सकाळी तो हातात एक कॉलर घेऊन आला. ती त्याने बुरुलचाच्या तोंडावर फेकली. चष्म्यावर आपटून ती जमिनीवर पडली.

“दिसत नसेल तर घरी बस, नातवंडं सांभाळ.”

कॉलर खरंच वाकडी होती. तिला ते वरूनच दिसलं. बोलायला नेहमीप्रमाणे काहीच सुचेना, पण तिचा पाय पेडलवरून आपोआप मागे आला. हात मांडीवर ठेवून ती बसून राहिली.

“चालव मशीन. बहिरी पण झालीस का?”

सोनुनने आपलं मशीन थांबवलं. मग तिच्या मागचीने. एकेक करत सगळी यंत्रं थांबली, आणि एरवी कधीच कानावर न येणारा कोपऱ्यातला रेडिओ स्वच्छ ऐकू यायला लागला. मिक्तीबेक आणखी ओरडला. कोणी हललं नाही.

“ओरडून झालं की सांगा,” सोनुन म्हणाली. “आम्हाला काही घाई नाही.”

तो दार आपटून गेला. यंत्रं पुन्हा सुरू झाली. दुपारी तो इस्त्रीवालीवर ओरडला, तेव्हाही तसंच झालं. कोणी काही ठरवलं नव्हतं.

संध्याकाळी जिपार स्वतः आली, मिक्तीबेकला मागे घेऊन. “हे कोणाचं डोकं?”

“डोकं कसलं, पाय होता माझा,” बुरुलचा म्हणाली. बाकीच्या हसल्या. इतक्या पटकन आपल्याला सुचलं याचं तिलाच नवल वाटलं आणि ती पुढे बोलत राहिली. “ती कॉलर बघ, अजून तिथेच पडलीय. वाकडी आहे. मी उसवून परत लावते. पण तोंडावर फेकलेली वस्तू मी उचलणार नाही.”

जिपार भाच्याकडे वळली. “उचल,” ती म्हणाली.

त्याने उचलली आणि टेबलावर ठेवली. बुरुलचाने चष्मा पुसला, कात्री घेतली आणि उसवायला बसली.

माफी त्याने मागितली नाही. काही दिवस कोणाशी बोललाच नाही, काही सांगायचं तर चिठ्ठी चिकटवायचा. मग तोंडातून ‘तुम्ही’ निघायला लागलं, घशात काटा अडकल्यासारखं. मधूनच भडकायचा, यंत्रं थांबायची, तो वर जाऊन सिगारेट ओढून यायचा. एका नव्या मुलीने मात्र तेवढंही सोसलं नाही, ती काम सोडून गेली. बुरुलचाने तिला अडवलं नाही.

शरद ऋतूत तो एका मित्राच्या गाड्या धुण्याच्या धंद्यात गेला. निरोप घेताना सोनुनला ‘एजे’ म्हणाला, बुरुलचाकडे नुसती मान हलवली. तिनेही हलवली.

त्याच्या जागी आलेली बाई रागीट आहे. पण चूक दाखवायची तर स्टूल ओढून शेजारी बसते. बुरुलचा ऐकून घेते, कधी भांडतेही. आताशा उत्तरं तिला तिथल्या तिथे सुचतात, निदान अर्धी तरी.